144 हर्ट्झची स्क्रीन, 60चं लिमिट आणि तरीही अडखळणारा गेम

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझ्या पण डोक्यात नीट बसेल. 4050 ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप, स्क्रीन 144 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारी, सायबरपंक 2077 ह्या गेममध्ये 80 ते 130 एफपीएस येतात, म्हणजे कार्ड सेकंदाला तेवढ्या फ्रेम्स, तेवढी चित्रं काढतं, पण पंखा असा ओरडतो की आई आतल्या खोलीतून विचारते मिक्सर कोणी चालू ठेवला म्हणून. कोणीतरी सांगितलं 60वर लॉक कर, म्हणजे त्याच्या वर जाऊ देऊ नको, तू केलंस, गेमच्या आत 60, कार्डाच्या एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 60, रिवाट्यूनर ह्या बाहेरून लिमिट लावणाऱ्या प्रोग्राममध्ये पण 60, वरून व्ही-सिंक चालू, म्हणजे स्क्रीनच्या ठोक्यावरच फ्रेम दाखवायची सेटिंग. पंखा शांत झाला, पण गेम आता आधीपेक्षा जास्त अडखळतो, आणि कोपऱ्यातला आकडा मात्र ठाम 60 दाखवतो. मग लॉक करणंच चूक का?

नाही रे. लॉक करणं बरोबर आहे, आकडा चुकलाय, आणि एका दाराला तू तीन कुलपं लावून बसलायस.

मी गोव्यात म्हापशाला सोळा-सतरा वर्षं हेच करतोय, पीसी जोडणं, लॅपटॉप उघडणं, पोरांचे गेम सेट करून देणं. आणि दुकानात येणारा प्रत्येक जण कोपऱ्यातला तो एकच आकडा दाखवतो, बघा 60 आहे, तरी अडखळतो. तो आकडा सरासरी असतो बाबा. एका सेकंदात 60 फ्रेम्स आल्या एवढंच तो सांगतो, त्या कशा आल्या ते सांगत नाही. चवथीला तुमच्या वाड्यावर घुमट, म्हणजे ते मडक्यासारखं मातीचं वाद्य, वाजवून आरत्या होतात ना, तिथे बघ, लय संथ असली तरी चालते, कोणाला काही वाटत नाही, पण घुमटवाला मध्येच एक थाप लवकर आणि पुढची उशिरा मारायला लागला की आरती म्हणणारे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मोजल्या तर थापा तेवढ्याच पडल्या असतील. डोळ्याचं पण तसंच आहे, त्याला आकडा कळत नाही, ठेका चुकलेला कळतो.

ह्या ठेक्याला फ्रेमटाइम म्हणतात, एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत गेलेला वेळ, मिलिसेकंदात. हिशोब सोपा आहे, 1000 भागिले एफपीएस. 60 म्हणजे 16.7 मिलिसेकंद, 72 म्हणजे 13.9, 144 म्हणजे 6.9, आणि 30 म्हणजे 33.3. आता तुझ्या स्क्रीनकडे बघ. ती दर 6.9 मिलिसेकंदाला नवीन चित्र घेऊ शकते, मधल्या वेळात नाही घेत, कारण व्ही-सिंक चालू आहे. तुझी फ्रेम तयार होते दर 16.7 ला. 16.7 मध्ये 6.9 किती वेळा जातात? 2.4 वेळा. आता स्क्रीन अर्धवट वेळा कशी बदलणार? म्हणून ती काय करते, एक फ्रेम दोन वेळा दाखवते, पुढची दोन वेळा, मग एक तीन वेळा, परत दोन, परत तीन. स्क्रीनच्या 12 फेऱ्यांत तुझ्या 5 फ्रेम्स बसवायच्या म्हटल्यावर दुसरं होणार काय. म्हणजे काही फ्रेम्स डोळ्यासमोर 13.9 मिलिसेकंद राहतात आणि काही 20.8, आणि हे अखंड चालू असतं. गाडीत बसून सरळ रस्त्याने जाताना किंवा माउसने हळू कॅमेरा फिरवताना जे बारीक बारीक हिसके बसतात ते हेच. तुझा लॅपटॉप बिचारा वेळेवर फ्रेम देतोय, दोष त्याचा नाही, 60 आणि 144 यांचं जुळत नाही.

म्हणून पहिलं काम: 60 काढ आणि 72 लाव. 72 म्हणजे 144चा बरोबर अर्धा, प्रत्येक फ्रेम दोन फेऱ्या राहणार, ना कमी ना जास्त. जड गेम असेल तर 48, म्हणजे तिसरा हिस्सा. 60च पाहिजे असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन स्क्रीनच 60 हर्ट्झवर आण, मग जुळतं. 120चा पर्याय दिसत असेल तर अजून बरं, त्यात 60 पण बसतं आणि 40 पण बसतं, आणि 40 हा फार कमी लोकांनी वापरून बघितलेला आकडा आहे. 30 ला 33.3 मिलिसेकंद, 60 ला 16.7, बरोबर मधे 25, आणि 25 मिलिसेकंद म्हणजेच 40 एफपीएस. आकडा 30च्या जवळचा वाटतो पण वेळेच्या हिशोबाने तो मधोमध बसतो. जुन्या कार्डवर खेळणाऱ्या पोरांना मी हेच लावून देतो.

एल्डन रिंगचं वेगळं सांगायला नको, तो गेमच 60च्या वर जात नाही. तो विंडोत किंवा बॉर्डरलेसमध्ये 144च्या स्क्रीनवर चालवलास तर हीच दोन-तीनची कटकट, लिमिट लाव नाहीतर नको लावू. तिथे स्क्रीनच खाली आणायची.

आता हे सगळं कधी लागू होत नाही ते पण ऐक. स्क्रीनला जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल तर स्क्रीन गेमसाठी थांबते, फ्रेम आली की बदलते, त्यामुळे अर्धा-तिसरा हिस्सा असलं गणित करायचं कारणच नाही, 60, 77, 91 काहीही चालतं, स्क्रीनला झेपणाऱ्या रेंजच्या आत असलं म्हणजे झालं. तिथे फक्त वरचं टोक सांभाळायचं. 144ची स्क्रीन असेल तर लिमिट 144 नाही लावायचं, थोडं खाली लावायचं, 141 किंवा 138. कारण 144ला टेकलास की स्क्रीन गेमसाठी थांबायचं सोडते आणि गेम स्क्रीनसाठी थांबायला लागतो, म्हणजे परत जुनं व्ही-सिंक, फ्रेम्स रांगेत, माउस जड. लोक तुला 141 सांगतात ते ह्याच्यासाठी, त्यांचं चूक नाही, पण तुझ्याकडे ती स्क्रीन आहे का ते कोणी विचारत नाही. जी-सिंक, व्ही-सिंक आणि गेममधलं रिफ्लेक्स (माउसचा उशीर कमी करणारी एनव्हिडियाची सेटिंग) तिन्ही चालू असेल तर रिफ्लेक्स स्वतःच 138च्या आसपास आणून ठेवतो, तू काही करायची गरज नाही. पण तुझ्या बजेटमधल्या लॅपटॉपात बहुतेक वेळा स्क्रीन प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला जोडलेली असते, एनव्हिडियाच्या कार्डला नाही, त्यामुळे कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंकचा पर्यायच दिसत नाही. तुला दिसतोय का बघ. नसेल तर तू 72वाल्या पंगतीत.

आता कुलपांचं. लिमिट म्हणजे नक्की काय करतं तर गेमला थांबवतं, बाकी काही नाही. फ्रेम झाली, अजून वेळ आहे, थांब जरा, आता कर पुढची. हे थांबवणं कुठे होतं त्याच्यावर माउसचा उशीर ठरतो. गेमच्या आतलं लिमिट माउस-कीबोर्ड वाचायच्या आधी थांबवू शकतं, त्यामुळे तू केलेली हालचाल ताजी असते. बाहेरचं लिमिट, रिवाट्यूनर म्हण किंवा ड्रायव्हरचं, म्हणजे कंट्रोल पॅनलमधलं म्हण, गेमने काम केल्यावर दारात अडवतं, हालचाल थोडी शिळी होते, फार नाही, एखाद्या फ्रेमएवढी. पण रिवाट्यूनरचा ठेका फार सरळ असतो, काही गेमचं आतलं लिमिट लडखडतं तिथे तो कामाला येतो. म्हणून माझा क्रम असा, आधी गेमच्या आतलं, ते नसेल किंवा वेडंवाकडं असेल तर बाहेरचं, आणि कुठलं तरी एकच. तीन लावलीस की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, एक म्हणतं आता सोड, दुसरं म्हणतं अजून नाही, आणि फ्रेमटाइमच्या ग्राफवर करवतीचे दात दिसतात. एनव्हिडियाने ड्रायव्हरमध्ये मॅक्स फ्रेम रेट दिलं ते 2020च्या जानेवारीत, त्याच्या आधी आम्ही सगळे रिवाट्यूनरवरच होतो, ती सवय अजून गेली नाही म्हणून लोक दोन्ही लावतात. एएमडीचं कार्ड असेल तर त्यांच्या सॉफ्टवेअरमधलं रेडिऑन चिल, त्यात खालचा आणि वरचा दोन्ही आकडे सारखे टाकले की झालं लिमिट.

72 हा आकडा मी तुला हवेतून दिला असं वाटेल, तर तो तपासायचा कसा ते बघ, हे महत्त्वाचं आहे आणि हेच कोणी करत नाही. आफ्टरबर्नर हा कार्डावर नजर ठेवणारा प्रोग्राम आणि त्याच्याबरोबर येणारं रिवाट्यूनर टाक, मॉनिटरिंगमध्ये फ्रेमटाइम शोध, त्याला स्क्रीनवर दाखव म्हण आणि आकड्याऐवजी ग्राफ निवड. कार्ड किती टक्के वापरात आहे ते पण चालू कर. आता सगळी लिमिटं काढ, व्ही-सिंक बंद कर, आणि गेममध्ये जिथे तुला सगळ्यात जास्त त्रास होतो तिथे जा. घरात भिंतीकडे तोंड करून मोजू नको, तिथे सगळ्यांचे 130 येतात. सायबरपंकमध्ये गर्दीचा बाजार बघ, माणसं, पाऊस, निऑन दिवे, तिथे पाच-दहा मिनिटं फीर, एकदा गाडी घेऊन जोरात जा. पाच-दहा मिनिटं मुद्दाम सांगतो, कारण पहिल्या दोन मिनिटांत लॅपटॉप गार असतो आणि खोटं बोलतो. मग बघ खालचा आकडा किती. तो 78 असेल तर 72 लाव, खुशाल. तो 62 असेल तर 72 लावून काही उपयोग नाही, लिमिटचा अर्थच मुळात असा की सगळ्यात वाईट जागी पण ते सुटता कामा नये. मग गर्दीची सेटिंग कमी कर, सावल्या एक पायरी खाली आण, परत त्याच बाजारात फीर. तरी नाहीच झालं तर सरळ 48वर ये किंवा स्क्रीन 60ला लाव.

गेल्या महिन्यात पर्वरीचा एक मुलगा हेच घेऊन आला होता, त्याचं म्हणणं मी 144चे पैसे भरलेत तर 72वर का खेळू. ठीक आहे म्हटलं, बस इथे. त्याच्याच लॅपटॉपवर आधी मोकळं सोडलं, ग्राफ म्हणजे सह्याद्रीची रांग, कार्ड 99 टक्के, पंखा भरधाव. मग 72. ग्राफ एकदम सपाट रेघ, कार्ड 65च्या आसपास. पंधरा मिनिटं तो बोललाच नाही, खेळत राहिला, आणि मग विचारतो कसा, सर ह्याचं तुम्ही किती घेणार. एका आकड्याचे काय घेऊ मी त्याच्याकडून.

त्यात अजून एक गंमत आहे जी दिसत नाही. कार्ड 99 टक्क्यांवर गेलं की प्रोसेसर पुढच्या फ्रेम्सचं काम आधीच करून रांग लावतो, आणि तुझ्या माउसची हालचाल त्या रांगेत मागे उभी राहते. म्हणजे 95 एफपीएस मोकळे आणि कार्ड दमलेलं, ह्यापेक्षा 85चं लिमिट आणि कार्डला थोडा श्वास, हे हाताला हलकं लागू शकतं. वरून लॅपटॉपात प्रोसेसर आणि कार्डाच्या उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या बहुतेक एकच असतात, एक गार राहिला की दुसऱ्याला जागा मिळते, आणि कधी कधी लिमिट लावल्यावर त्या बाजारातला वाईट आकडाच थोडा वर येतो. उलटं वाटतं पण होतं.

व्हॅलोरंट, तो स्पर्धेचा नेमबाजीचा गेम, मात्र वेगळी गोष्ट. तिथे स्क्रीनपेक्षा जास्त एफपीएस चालू ठेवणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे, 144च्या स्क्रीनवर 250 आले तर स्क्रीनला मिळणारी फ्रेम जास्त ताजी असते. व्ही-सिंक बंद म्हणून फाटलेलं चित्र थोडं दिसतं, पण त्या खेळात कोणाला पडलीय. पण तिथे पण मेनूचं, बॅकग्राउंडचं आणि बॅटरीचं अशी वेगळी लिमिटं गेमच्या आतच दिलीत, ती तिन्ही लाव, मेनूत बसून मित्राची वाट बघताना 250 फ्रेम्स कशाला हव्यात.

मेनूची गोष्ट हसण्यावारी नेऊ नको. मेनूत काही काम नसतं म्हणून कार्ड शेकड्याने फ्रेम्स काढत सुटतं. 2010 साली स्टारक्राफ्ट 2 आला तेव्हा मेनूतच कार्डं तापायला लागली होती, ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलीत दोन ओळी घालायला सांगितल्या, गेमला 60 आणि मेनूला 30. 2021ला न्यू वर्ल्ड ह्या गेमच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, तर काहींची 3090सारखी महागडी कार्डं मेली. त्या कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये दोष होता असं नंतर कार्डवाल्या कंपनीने सांगितलं, पण गेमवाल्यांनी पण मेनूला लिमिट टाकलंच. धडधाकट कार्ड मेनूने मरत नाही, पण आपल्याकडची मे महिन्यातली हवा, ती दमट खारट हवा आणि पंख्याच्या जाळीत बसलेला ओला कचरा, त्याच्यावर अजून भार कशाला. कांदोळी-कळंगुट पट्ट्यातले लॅपटॉप मी उघडतो तेव्हा तांब्याच्या पट्ट्या हिरवट झालेल्या असतात.

आणि काही गेमचं लिमिट काढायचं नसतं, हे पण लक्षात ठेव. सॅन अँड्रियास आपण सगळ्यांनी खेळलाय, त्यात फ्रेम लिमिटर बंद केला की गेम मस्त चालतो असं वाटतं आणि मग पोहताना माणूस पुढेच जात नाही, कारण त्या गेमची काही गणितं फ्रेमवर बांधलेली आहेत, वेळेवर नाही. जुना स्कायरिम 60च्या वर नेलास तर टेबलावरची भांडी उडायला लागतात. नीड फॉर स्पीड रायव्हल्स 30ला बांधला होता, लोकांनी जबरदस्तीने 60 केला तर गेमच दुप्पट वेगाने पळायला लागला. तेव्हा जुन्या गेममध्ये लिमिट दिसलं की आधी विचार कर ते का आहे.

पावसाळ्यात एक तक्रार ठरलेली. लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि गेम एकदम 30वर. लोक घाबरून फोन करतात, कार्ड गेलं. कार्ड नाही गेलं, एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू झालं, ते बॅटरी वाचवायला फ्रेम्स धरून ठेवतं. लाइट आली की आकडा परत वर येतो. बंद करता येतं, पण करू नको, बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही, नुसता गेम अडखळेल आणि अर्ध्या तासात लॅपटॉप झोपेल. डेस्कटॉपवाल्यांना मी उलट सांगतो की छोट्या यूपीएसवर खेळत असाल तर लिमिट लावाच, लाइट गेल्यावर कार्ड पूर्ण जोरात असलं की यूपीएस ची ची करून तिथल्या तिथे मान टाकतो.

फ्रेम जनरेशन चालू करून 72 लावणार असशील तर थांब, त्या 72 मधल्या खऱ्या 36च, बाकीच्या कार्डाने स्वतः बनवून मधे भरलेल्या. दिसायला छान, हाताला 36. एक तर ते बंद ठेव नाहीतर लिमिट वर ठेव.

तर आज रात्री एवढंच कर: कंट्रोल पॅनल आणि रिवाट्यूनरमधलं 60 काढून टाक, गेमच्या आत 72 ठेव, व्ही-सिंक असू दे, बाजारात फीर आणि ग्राफ बघ. मधूनच एखादा दात दिसला तर सोड, स्क्रीनचं 144 कधी नेमकं 144 नसतं, 143.98 वगैरे असतं, त्यामुळे बऱ्याच वेळाने एखादी फ्रेम चुकते. नवीन जागी पहिल्यांदा गेल्यावर झटका बसला आणि दुसऱ्यांदा नाही बसला तर तो पण लिमिटचा विषय नाही, गेम तिथलं सामान पहिल्यांदा उचलतोय. पण ठरावीक अंतराने मोठे दात येत असतील तर टास्क मॅनेजरमध्ये रॅम बघ, किती स्लॉट वापरलेत. दोनपैकी एक असं दिसलं तर दुसरी स्टिक टाकायला लागेल, एका स्टिकवर चालणारे लॅपटॉप नेमके त्या गर्दीच्या जागीच पडतात. तसं असेल तर घेऊन ये, पंधरा मिनिटांचं काम, पंख्याची जाळी पण साफ करून देतो. फक्त शुक्रवारी येऊ नको, बाजारामुळे म्हापशात स्कूटर लावायला पण जागा मिळत नाही.